पीक संरक्षणाची ठासणीची बंदूक : नळी आणि कळ पारखून घ्या

भात निसवून दाणा दुधात भरू लागला की कोकणातील आणि घाटमाथ्यावरील शेतकऱ्याची झोप उडते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत जेवढे खातो त्याच्या कितीतरी पट तुडवून जातो. भुईमूग, रताळी, नाचणी, ऊस, केळी यांपैकी कोणतेच पीक त्यातून सुटत नाही. अशा वेळी खोपीत बसून डबा वाजवणे, फटाका लावणे, शेकोटी पेटवणे हे उपाय सगळेच करतात. ज्या घरात पीक संरक्षणाचा परवाना आहे तेथे भिंतीवरची ठासणीची बंदूक खाली उतरते.

ही बंदूक बहुधा आजोबांच्या वेळची असते. परवाना एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर होत आला, नूतनीकरणाचे शिक्के पडत गेले, पण बंदुकीची नळी आतून कशी आहे हे कित्येक वर्षांत कोणी पाहिलेले नसते. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खांदा पाहतो, चार पावले चालवून पाहतो. पंप घेताना अश्वशक्ती आणि उंची विचारतो. बंदूक घेताना मात्र दस्त्याचे पॉलिश आणि किंमत एवढेच पाहिले जाते. शेतातील इतर कोणतेही अवजार बिघडले तर काम अडते. बंदूक बिघडलेली असेल तर चालवणाऱ्याचा डोळा किंवा डाव्या हाताची बोटे जातात. म्हणून नवीन बंदूक घेणाऱ्यांनी आणि जुनी वापरणाऱ्यांनीही तिचे दोन भाग नीट पारखून घ्यावेत. एक नळी आणि दुसरी कळ. घोडा, कमान आणि चाप यांचा जो संच दस्त्याच्या बाजूला लोखंडी पाटीवर बसवलेला असतो त्यास या लेखात कळ म्हटले आहे.

कायद्याची बाजू

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचे मत झाल्यास त्याच कलमाखाली दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही मंजूर होऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ ऐवजी ५ वर्षे झाली आहे. वयाची २१ वर्षे पूर्ण झाल्याखेरीज परवाना मिळत नाही.

परवाना मिळाला म्हणजे जनावर मारण्याची परवानगी मिळाली असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकाला धोका असल्यास वन विभागाचा प्राधिकृत अधिकारी कलम ११ खाली लेखी आदेशाने परवानगी देऊ शकतो. त्यासाठी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात अर्ज करावा आणि आदेश हातात आल्यावरच पुढचे पाऊल टाकावे. मारलेले जनावर ही सरकारी मालमत्ता असते, ते वाटून खाता येत नाही. गवा, बिबट्या, हत्ती, मोर हे अनुसूची १ मध्ये आहेत. त्यांनी पिकाचे कितीही नुकसान केले तरी पिकाच्या कारणासाठी त्यांच्यावर बंदूक चालवता येत नाही. तेथे पंचनामा करून नुकसानभरपाईचा अर्ज करणे हाच मार्ग आहे. दोडामार्ग आणि चंदगड भागातील शेतकऱ्यांना हे सांगण्याची गरज नाही, पण इतरांनी लक्षात ठेवावे.

दुरुस्तीबाबतही कायदा स्पष्ट आहे. बंदूक दुरुस्त करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. गावातल्या लोहाराकडे किंवा वेल्डिंगच्या दुकानात नळी नेणे हा गुन्हा आहे. नळी कापून आखूड करण्यासही परवानगी लागते. दुरुस्तीसाठी मुलाला किंवा भावाला बंदूक घेऊन पाठवायचे असल्यास परवानाधारकाने आपल्या सहीचे लेखी अधिकारपत्र त्याच्याजवळ द्यावे. ही चिठ्ठी नसल्यामुळे साध्या कामासाठी निघालेला माणूस वाटेत अडचणीत येऊ शकतो.

नळी कशाची आहे ?

ठिबक आणि पाइपलाइन करणाऱ्या शेतकऱ्याला दाबाचे गणित माहीत असते. पीव्हीसी पाइप ४ किलोचा, ६ किलोचा, १० किलोचा असा आपण मागून घेतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तेवढ्या किलोचा दाब तो सहन करतो. काळी दारू नळीच्या बुडात पेटते तेव्हा तेथे काही क्षणांपुरता शेकडो किलोंचा दाब तयार होतो. हा आकडा डोळ्यासमोर ठेवला की पाण्याच्या लोखंडी पाइपापासून तयार केलेली गावठी बंदूक काय चीज आहे ते समजते. पाण्याचा पाइप पत्रा वळवून, सांधा जोडून केलेला असतो. तो सांधा नळीच्या लांबीभर असतो आणि फुटताना त्याच रेषेत उकलतो. पहिले दहा बार सुखरूप गेले याचा अर्थ अकरावा जाईल असा नाही. अशी बंदूक बेकायदेशीर तर आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी ती हातात धरण्याच्या लायकीची नाही.

चांगली नळी अखंड पोलादी सळईला आरपार भोक पाडून तयार करतात. बुडाकडे ती जाड असते आणि तोंडाकडे निमुळती होत जाते, कारण सर्वांत जास्त दाब बुडाशी असतो. नळीची बाहेरची जाडी सर्वत्र सारखी दिसली तर तेथेच शंका घ्यावी. तोंडाकडून पाहताना भोक बरोबर मध्यावर आहे की नाही हे तपासावे. व्हर्निअर असल्यास चारही बाजूंनी कडेची जाडी मोजावी. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ अशी नळी तापल्यावर वाकते आणि नेम चुकवते. शिवाय बुडाकडे तीच पातळ बाजू किती उरली असेल ते बाहेरून कळत नाही.

नव्या नळीवर तयार करणाऱ्याचे नाव, क्रमांक आणि दाब-चाचणीची ठोकलेली छाप असावी. नाव आणि क्रमांक नसलेली बंदूक विकताच येत नाही. दाब-चाचणीत नेहमीच्या बारापेक्षा जास्त दारू भरून नळी उडवून पाहतात आणि टिकली तरच छाप मारतात. मात्र ही छाप त्या दिवसापुरती खरी असते. त्यानंतर चाळीस पावसाळे गेले असतील तर छापेवर विसंबू नये.

काही जुन्या घरांत नागमोडी नक्षी उमटलेल्या जोहरदार नळ्या आढळतात. दिसायला फार देखण्या असतात. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पीळ देऊन, गुंडाळून, तापवून ठोकून त्या बनवल्या जात. प्रत्येक वेढ्याला जोड आहे आणि त्या जोडात गेल्या शंभर वर्षांत गंज किती शिरला हे बाहेरून दिसत नाही. अशी बंदूक परवान्यावर ठेवून जपावी, पण उडवू नये असे आमचे मत आहे. मालकाला हे पटवणे कठीण जाते, कारण ती आजोबांची असते आणि त्यांच्या हातून ती कधी फुटलेली नसते.

आतून पाहणी

पाहणीला हात घालण्यापूर्वी बंदूक रिकामी आहे याची खात्री करावी. टोपी काढावी, घोडा खाली ठेवावा आणि नळीचे तोंड स्वतःपासून दूर तिरके धरून गज आत सोडावा. रिकाम्या नळीत गज बुडाच्या बुचावर टेकताच लोखंडाचा खणखणीत आवाज येतो. बार भरलेला असेल तर आवाज बद्द येतो आणि गज तीन-चार बोटे जास्त बाहेर राहतो. गजावर दोन खुणा कोरून ठेवाव्यात, एक रिकाम्या नळीची आणि दुसरी आपल्या नेहमीच्या बाराची. ही दोन मिनिटांची सवय फार मोलाची आहे. मागच्या हंगामात भरून ठेवलेला बार विसरून त्यावर दुसरा बार ठासला जातो आणि मग अपघात होतो. घरातल्या भिंतीवर टांगलेली बंदूक रिकामीच असते हे गृहीत धरू नये.

त्यानंतर गजाला घट्ट बसेल एवढी चिंधी गुंडाळून ती तोंडापासून बुडापर्यंत सावकाश फिरवावी. डोळ्यापेक्षा हाताला येथे जास्त कळते. चिंधी सगळीकडे सारख्या जोराने सरकली पाहिजे. मध्येच एखाद्या ठिकाणी ती एकदम सैल झाली आणि पुन्हा घट्ट झाली, तर तेथे नळी आतून फुगली आहे. बाहेरून त्याच जागी बोट फिरवले तर कड्यासारखा बारीक उंचवटा लागतो. दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिली की असा फुगवटा येतो. म्हणूनच बार शेवटपर्यंत ठासला पाहिजे, अर्धवट ठासलेला बार सर्वांत धोक्याचा. फुगवटा आलेली नळी ठोकून किंवा घासून दुरुस्त होत नाही. ती बाद समजावी.

चिंधीचे दोरे अडकून तुटत असतील तर आत गंजाचे खड्डे आहेत. पेनासारखी बारीक बॅटरी दोऱ्याला बांधून नळीत सोडली आणि बाजूने तिरके पाहिले तर ते दिसतातही. तोंडाजवळचे किरकोळ डाग चालतील. बुडाजवळच्या चार-सहा इंचांत खोल खड्डे असतील तर चालणार नाहीत. काळी दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपात उरतो. या राखेतील क्षार हवेतील ओल ओढून घेतात. राख सर्वांत जास्त बुडाशी साचते, ओल तेथेच धरते आणि गंजही तेथेच लागतो. म्हणजे दाब जेथे जास्त तेथेच लोखंड कमी होत जाते.

बुडाचे बूच आट्यांवर बसवलेले असते. त्या आट्यांच्या सांध्यातून काळा ओघळ किंवा तेलाचा पाझर दिसत असेल तर आटे झिजले आहेत. हे बूच उघडण्याचे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे आणि त्या वेळी आपण समोर बसावे. बूच काढल्यावर नळी सरळ आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी पद्धत आहे. नळी उजेडाच्या खिडकीकडे धरून आत पाहिले की खिडकीच्या चौकटीची सावली आतल्या पृष्ठावर दोन रेषांसारखी उमटते. नळी फिरवत न्यावी. रेषा सरळ राहिल्या तर नळी सरळ. एखाद्या जागी रेषेला कोपर आले तर तेथे नळी वाकली आहे. जुने कारागीर दुसरे कोणतेही उपकरण न वापरता एवढ्यावरच नळ्या सरळ करीत.

लांबी आणि गाळा

नळी जितकी लांब तितका पल्ला जास्त, असे सर्रास सांगितले जाते. काळी दारू सावकाश जळते, त्यामुळे अगदी आखूड नळीत ती पुरती उपयोगी पडत नाही हे खरे. पण तीन फुटांच्या पुढे प्रत्येक इंचाचा फायदा झपाट्याने कमी होत जातो. वजन आणि अडचण मात्र वाढत जाते. माळ्यावर किंवा खोपीत बसून अंधारात चार फुटी नळी वळवताना ती कुडाला अडकते. लांब नळीचा खरा फायदा नेम धरण्यात आहे, कारण मागची खूण आणि पुढची माशी यांतील अंतर वाढते. मध्यम बांध्याच्या माणसाने तीन फुटांच्या आसपासची नळी घ्यावी.

गाळ्याचा क्रमांक पुष्कळांना गोंधळात टाकतो. १२ बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या तर त्यातील एक गोळी ज्या भोकात बसेल तेवढे भोक. ते सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरते. म्हणून आकडा वाढला की भोक लहान होते. २० बोअर १२ पेक्षा लहान असते. गोळीचे वजन आणि दारूचे माप हे नळी बनवणाऱ्याने जे दिले असेल तेच पाळावे. शेजाऱ्याच्या बंदुकीचे माप आपल्या बंदुकीला लावू नये.

पीक संरक्षणाची बंदूक गुळगुळीत नळीची असते. तिच्यातून एकच गोळी टाकली तरी चाळीस-पन्नास मीटरपलीकडे ती कोठे जाईल याचा भरवसा नसतो. पाखरांचे बारीक छर्रे त्याहून कमी अंतरावरही रानडुकराला मारत नाहीत, फक्त जखमी करतात. जखमी डुक्कर कोठे दडून बसेल आणि सकाळी गवत कापायला गेलेल्या बाईवर कधी उलटेल याचा नेम नाही. अंतराचा अंदाज नसेल, मागे घर, वाट किंवा गोठा असेल, तर चाप ओढू नये. पीक गेले तर पुढच्या वर्षी पुन्हा येते.

नळीच्या आत आटे पाडलेले असतील तर ती रायफल झाली आणि तिचा परवाना वेगळा. आट्यांमुळे गोळीला गिरकी मिळते आणि ती दूरवर सरळ जाते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात १९७४ पासून केवळ चकमकीच्या बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा स्वतंत्र हंगाम ठेवलेला आहे. तेथील हौशी लोक नळी एका कारागिराकडून, कळ दुसऱ्याकडून आणि लाकूड तिसऱ्याकडून निवडून घेतात आणि महिनोन् महिने खपून एक बंदूक तयार करतात. नळीची आणि कळीची पारख स्वतंत्रपणे करण्याची त्यांची रीत आपणही घेण्यासारखी आहे. बंदूक स्वतः जोडण्याची मात्र नाही, कारण आपल्याकडे त्यासाठी निर्मितीचा परवाना लागतो.

चकमक की टोपी ?

ठासणीच्या बंदुकीत दारू पेटवण्याच्या तीन रीती होऊन गेल्या. तोड्याच्या बंदुकीत पेटती वात खाली येई. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा असतो, तो पोलादी पानावर घासतो, ठिणग्या रंजकदाणीत पडतात आणि तेथली जाळी कानातून आतल्या बाराला पोचते. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींनी चकमकीच्या बंदुका वापरल्या, तर जुन्या पागा आणि गडकरी शिबंदी बराच काळ तोड्यावरच होती. टोपीची कळ त्यानंतर आली. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्साइथ या धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याच्या कळीचे पेटंट घेतले. चकमकीचा भपका पाहून पाखरे बार पोचण्याआधीच बुडी मारीत, याला कंटाळून त्याने हा खटाटोप केला असे सांगतात. तांब्याची टोपी पुढे १८२० च्या दशकात रुळली.

आपल्या कामासाठी टोपीचीच कळ घ्यावी. कोकणात जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि डुकरांचा उपद्रव त्याच्या शेवटी वाढतो. रंजकदाणीतील उघडी दारू अशा हवेत अर्ध्या तासात ओलावते. टोपी निपलवर घट्ट बसली आणि तिच्या कडेला मेणाचा हलका हात फिरवला तर रात्रभर दवातही ती काम देते.

तरीही काही घरांत चकमकीची बंदूक चालू स्थितीत आहे. त्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. ठिणगी दगडाची नसते, पोलादाची असते. गारेची धार पानावरून पोलादाचे बारीक कण खरवडते आणि ते कण हवेत जळतात. म्हणून ठिणग्या पडत नसतील तर आधी गार बदलून पाहावी, आणि तरीही पडत नसतील तर दोष पानाच्या पाणी देण्यात आहे. पान मऊ असेल तर त्यावर नुसते खोल ओरखडे उठतात. कान हे साधारण दीड मिलिमीटरचे भोक असते. वर्षानुवर्षे जळून ते मोठे होते आणि मग निम्मा जोर बाजूने बाहेर पडतो. असा भपका उजवीकडे बसलेल्या सोबत्याच्या तोंडावर जातो. चकमकीच्या बंदुकीच्या उजव्या अंगाला कोणी बसू नये.

कळीची परीक्षा

कळ पारखताना पुढील गोष्टी रिकाम्या बंदुकीवर, टोपी न लावता कराव्यात. घोडा सावकाश मागे ओढावा. पहिल्या खाचेत तो अर्ध्यावर अडकतो आणि दुसऱ्या खाचेत पूर्ण चढतो. दोन्ही ठिकाणी टक् असा स्पष्ट आवाज आला पाहिजे. अर्ध्या घोड्यावर चाप जोराने ओढून पाहावा. घोडा सुटला तर ती कळ वापरू नये, कारण वाटचालीत बंदुकीची सारी सुरक्षितता त्या एका खाचेवर असते. नंतर घोडा पूर्ण चढवून दस्त्याचे बूड रबराच्या चपलेवर हलकेच आपटावे, अंगठा घोड्यावर ठेवून. घोडा आपोआप पडला तर खाच झिजली आहे किंवा कोणीतरी चाप हलका करण्यासाठी ती कानशीने घासली आहे. हलका चाप ही विक्रेत्याने सांगण्याची कौतुकाची बाब असली तरी शेतात, गारठलेल्या बोटांनी, अंधारात, चाप थोडा जडच असलेला बरा.

घोड्याचे तोंड निपलवर बरोबर मध्यावर आणि सपाट बसले पाहिजे. तिरके बसत असेल तर टोपी एका बाजूने फुटते आणि तिचे तुकडे डोळ्याकडे येतात. चांगल्या घोड्याच्या तोंडाला वाटीसारखी खळगी असते, ती टोपीचे तुकडे आत धरून ठेवते. खळगी नसलेला सपाट घोडा घेऊ नये. घोडा चढवून बाजूला हलवून पाहावा, डगडगत असेल तर आतल्या धुरीचे भोक मोठे झाले आहे. कमान जोरदार हवी, पण पाटीच्या कडेला घासणारी नको. पाटी काढून पाहिल्यास कमानीवर किंवा घोड्याच्या बुडावर घासल्याची चमक दिसते. ती चमक म्हणजे जोर वाया जात असल्याची खूण.

निपल ही स्वस्त वस्तू आहे आणि म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. ठोके बसून तिचे तोंड छत्रीसारखे पसरते, मग टोपी पूर्ण खाली बसत नाही. पहिल्या ठोक्याला ती फक्त बसते आणि दुसऱ्याला उडते. आतले भोक जळून मोठे झाले तर बार उडताना घोडा उलटा फेकला जाऊन अर्ध्या खाचेवर येतो. आपल्या बंदुकीचा घोडा बार उडाल्यावर मागे गेलेला दिसत असेल तर निपल लगेच बदलून घ्यावी. टोप्या घेताना निपल बरोबर न्यावी आणि बसवून पाहावी. सैल टोपी चिमटून बसवण्याची सवय काहींना असते, ती सोडावी.

चकमकीच्या कित्येक जुन्या बंदुका पुढे टोपीच्या करून घेतल्या गेल्या. अशा बंदुकीत नळीच्या बाजूला एक लहान दंडगोल आट्यांवर बसवून त्यावर निपल लावलेली असते. हा दंडगोल हलतो का ते बोटाने दाबून पाहावे. किंचित जरी हलला तरी बंदूक बाजूला ठेवावी. तो निसटला तर गोळीसारखा बाहेर पडतो.

बार न उडाल्यास

टोपी उडाली आणि बार उडाला नाही, तर बंदूक तशीच समोर धरून किमान एक मिनिट थांबावे. कधी कधी ओलसर दारू धुमसत राहते आणि काही क्षणांनी पेटते. लगेच तोंडाकडून डोकावणे किंवा गज घालणे हे अपघाताचे हमखास कारण आहे. मिनिटभराने नवी टोपी लावून पुन्हा प्रयत्न करावा. तरीही न उडाल्यास निपल परवानाधारक दुरुस्तीकाराकडून काढून घेऊन बार उपसावा. खोपीत, बॅटरीच्या उजेडात हा उद्योग करू नये.

दारूबाबत एकच पण न मोडण्याचा नियम आहे. ठासणीच्या बंदुकीत फक्त काळी दारू चालते. काडतूस फोडून काढलेली बिनधुराची दारू दिसायला कमी आणि स्वच्छ असते, म्हणून ती चांगली असे वाटते. तिचा दाब या नळ्यांच्या आवाक्याबाहेर जातो. एकाच बाराने नळी बुडाशी उकलते. काळ्या दारूत ती थोडीशी मिसळणेही तितकेच घातक आहे.

धुणे, पुसणे आणि ठाण्यात जमा करणे

बार उडवल्यावर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवावी. नुसत्या तेलाच्या चिंधीने राखेतील क्षार निघत नाहीत, ते पाण्यातच विरघळतात. पाणी कढत घेतले तर नळी तापते आणि आतून लवकर सुकते. नंतर कोरड्या चिंध्या फिरवून पातळ यंत्रतेलाचा हात द्यावा. खोबरेल वापरू नये, थंडीत ते थिजते आणि कळीत चिकट थर धरते. पुन्हा बार भरण्यापूर्वी नळी कोरडी पुसावी आणि रिकाम्या बंदुकीवर तोंड सुरक्षित दिशेला धरून एखादी टोपी उडवावी. निपलच्या भोकातले तेल त्याने जळून जाते. तोंड जमिनीवरच्या वाळल्या पानाजवळ धरले असता पान हलले तर वाट मोकळी आहे असे समजावे.

निवडणुका जाहीर झाल्या की परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या सूचना येतात. कोणाची बंदूक जमा करावी आणि कोणाची नको याचा विचार करण्यासाठी जिल्ह्यात छाननी समिती असते. पीक ऐन भरात असेल तर पिकाचा आणि उपद्रवाचा तपशील देऊन तिच्याकडे वेळेत अर्ज करावा. जमा करावीच लागली तर जमा करण्यापूर्वी नळीला आणि कळीला नेहमीपेक्षा जाड तेल द्यावे, कमानीवरचा ताण जावा म्हणून घोडा खाली ठेवावा आणि क्रमांकासह पावती घ्यावी. परत मिळाल्यावर ती तशीच खांद्यावर टाकून शेतात नेऊ नये. दोन-तीन महिन्यांत नळीच्या तोंडात कुंभारमाशी मातीचे घर करते आणि ते बाहेरून दिसत नाही. गज बुडापर्यंत घालून, खूण जुळवून, चिंधी फिरवून मगच पहिला बार भरावा.